बटव्यातले चिंचोके

मोठ्या बाई खेळणी चाटून घ्यायच्या.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिकोडीचा भर बाजार. येणाऱ्याजाणाऱ्यांची नुसती रेटारेटी. आणि मास्तरीण म्हणून चार माणसं जिला ओळखतात अशी चाळिशीची बाई, पांढरं लुगडं सावरत, खेळणीवाल्यापुढे उकिडवी बसून लाकडी बैलाचं शिंग तोंडात घालते, चांगलं चघळते, मग जीभ बाहेर काढून माझ्याकडे वळते.

"बघ गं धाकटे, रंग लागलाय काय?"

मी इकडेतिकडे बघत म्हटलं, "नाही लागला. आत घ्या जीभ."

खेळणीवाला गोकाकचा होता. आम्ही त्याला आप्पा म्हणायचो. तो कपाळाला हात लावून ओरडायचा, "बेडा यव्वा, बेडा! नको गं बाई! थुंकी लावल्याला बैल पुन्हा कोण घेणार?"

"रंग जात न्हाय न्हवं? मग मीच घेणार. लेकराच्या हातात गेलं की पयलं तोंडातच जातंय. त्येंच्या आधी माझं तोंड लागू दे."

"जाईल कसा रंग? चिंचोक्याच्या खळीवर चढवलाय."

"तर मग भितोस कशाला चाटायला?"

दरसाल हेच बोलणं व्हायचं आणि दरसाल तो तितक्याच जोरात ओरडायचा. मला वाटतं, बाई एखाद्या साली न चाटता गेल्या असत्या तर त्यालाच चुकल्यासारखं झालं असतं.

ही खरेदी नाताळची. निपाणीत मिशनचा एक बालवर्ग होता. तंबाखूच्या वखारीत कामाला जाणाऱ्या बायका आपली कच्चीबच्ची सकाळी तिथे सोडायच्या आणि वखार सुटली की घेऊन जायच्या. अडीच वर्षांपासून पाच वर्षांपर्यंतची पोरं. शाळा म्हणायची ती उगीच. नाकं पुसणं, गाणी म्हणणं, दुपारी ओळीनं झोपवणं, हेच आमचं शिक्षण. वर्षातून एकदा, नाताळच्या सकाळी, प्रत्येक पोराला एक खेळणं मिळायचं. मिशनकडून त्यासाठी जे यायचं त्यात भारी काही बसत नसे. लाकडी भिंगरी, मातीची चूल, पत्र्याची शिट्टी, गोकाकचा बैल, असलंच सगळं. पण त्या पोरांच्या घरात विकत आणलेली वस्तू म्हणजे तेवढीच.

मी तिथे कशी पोचले ते थोडक्यात सांगते. एकविसाव्या वर्षी कुंकू पुसलं गेलं, मराठी फायनल झाले होते, आणि भावाच्या संसारात नुसतं गिळायला बसायची मला लाज वाटत होती. बालवर्गात बाई हवी होती. घरचे म्हणाले, बाटशील. बाटले नाही. मात्र रोज संध्याकाळी मागच्या दारी आंघोळ केल्याशिवाय मला स्वयंपाकघरात पाऊल टाकता येत नसे. थंडीत दात वाजायचे. मोठ्या बाईंना हे कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "ऊन पाणी तरी देत्यात न्हवं?" आणि दुसऱ्या दिवशीपासून मला एक तास आधी घरी पिटाळू लागल्या. पोरं त्यांना मोठी बाई म्हणत, मला धाकटी बाई. त्याही मला धाकटेच म्हणत.

बाईंचं दुसरं वेड याहून मोठं. त्या पोरं मोजत नसत.

पोरांना आकडे शिकवायच्या, बरं का. कावळे मोजून घ्यायच्या, कौलं मोजून घ्यायच्या. पण पोरांवर बोट ठेवून एक, दोन असं कुणी म्हटलं की त्यांचा पारा चढायचा. "मोजायला ती काय बकरी हायत?" हजेरीबुकात सगळ्यांची नावं होती, पण अनुक्रमांकाचा रकाना कोरा. मोजणीची सगळी भिस्त एका बटव्यावर. पोर पहिल्या दिवशी आलं की त्यानं एक चिंचोका आणायचा. तो ओसरीच्या दगडावर घासून एका बाजूनं पांढरा करायचा, आणि बाई त्या पांढऱ्यावर चाकूच्या टोकानं एक खूण कोरायच्या. कुणाची फुली, कुणाचं टिंब, कुणाचं पान. मग तो बटव्यात. बटवा बाईंच्या कमरेला.

एकदा इन्स्पेक्टर आले. बेळगावहून मोटारीनं आले होते, घाईत होते. "पटावर मुलं किती?"

बाईंनी बटवा सोडला आणि सगळे चिंचोके त्यांच्या टेबलावर ओतले. "ही बघा. तुमचं तुम्ही मोजून घ्या. मोठ्यानं मोजू नगासा."

साहेब बघतच राहिले. पण त्यांनी मोजले, आणि खरंच मनातल्या मनात मोजले, ओठसुद्धा न हलवता. त्या माणसाबद्दल मला अजून आदर आहे.

खेळणी घेतानाही हाच बटवा. एक चिंचोका काढायचा, खूण बघायची, ज्याचा असेल त्याच्यासाठी खेळणं निवडायचं, चाटायचं, आणि चिंचोका पदरात टाकायचा. बटवा रिकामा झाला की खरेदी संपली. सगळ्यांना एकसारखं काहीतरी घेऊन मोकळं व्हावं असं मी एकदा सुचवलं. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा त्या वाटेला गेले नाही. वर्षभर त्या पोरांच्या मागे फिरून टिपून ठेवायच्या. कोण कशाकडे बघत थांबतं, कोण झोपेत काय मागतं. शिदूला शिट्टी, कारण तो दोन बोटं तोंडात घालून दिवसभर फू फू करायचा आणि आवाज काही निघायचा नाही.

मोजण्याचा हा धसका का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. दुपारची वेळ होती, पोरं झोपली होती. प्लेगाच्या साली त्यांचं घर गाव सोडून शेतात खोपटात राहायला गेलं होतं. बाई तेव्हा आठनऊ वर्षांच्या. रोज सकाळी एक शिपाई यायचा आणि बाहेरूनच विचारायचा, माणसं किती? आई आतून सांगायची, सहा. मग एके दिवशी पाच. मग चार.

"शेवटाला त्यो आला तवा आतनं कोण बोललंच न्हाय," बाई म्हणाल्या. "मग मीच सांगितलं. एक म्हणून."

त्यानंतर मिशनच्या लोकांनी त्यांना नेलं, वाढवलं, शिकवलं. एवढं सांगून त्या उठल्या आणि झोपलेल्या पोरांवरची माशी हाकलत बसल्या.

शिदूची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या साली शिट्टी आणली आणि नाताळला चार दिवस राहिले असताना शिदू तापानं गेला. बाई शिट्टी घेऊन त्याच्या घरी गेल्या. मीही बरोबर होते. शिदूची आई उंबऱ्यात बसली होती. तिनं शिट्टीकडे बघितलं आणि म्हणाली, "वाजवणार कोण, बाई?" बाईंनी शिट्टी परत पदरात घेतली. पुढे सहा महिने ती शाळेच्या कपाटात होती. रोज सकाळी बाई कपाट उघडून ती काढत, पदरानं पुसत आणि परत ठेवत. जेवण तुटलं. गाणं म्हणता म्हणता मधेच थांबत आणि पोरं त्यांच्या तोंडाकडे बघत राहत. हे मी रोज डोळ्यांनी बघितलं आहे. ती बाई माझ्या आईपेक्षा मला जवळची होती, आणि ती माझ्यासमोर वाळत चालली होती.

म्हणून पुढच्या साली मी जे केलं ते केलं. हे मी सबब म्हणून सांगत नाही.

त्या साली वर्गात यल्लू होती. चार वर्षांची, कोळशासारखे डोळे, बडबडी. शाळेमागच्या चिंचेवर पोपट यायचे. यल्लू दुपारची झोपायची नाही, खिडकीत उभी राहायची. "बाई, हिरवं आलं. बाई, हिरवं गेलं." पोपट हा शब्द तिला येत होता, पण तिला त्याचं हिरवंपणच महत्त्वाचं. तिच्या चिंचोक्यावर बाईंनी चोच कोरली होती.

दिवाळीनंतर गावात देवी आल्या. यल्लूच्या घराला लिंबाचे डहाळे लागले. देवी आलेल्या घरी कुणी परकं जात नाही, चौकशीही करत नाही, तसं आम्हीही गेलो नाही. बाईंना त्यातच दम्यानं गाठलं. खाटेवरून उठवेना. चिकोडीच्या बाजाराचा दिवस आला तसा त्यांनी कमरेचा बटवा सोडला आणि माझ्या हातात दिला.

"या खेपेला तू जा. चाटून घे गं. लाजू नगो."

इतक्या वर्षांत तो बटवा दुसऱ्या कुणाच्या हातात गेला नव्हता. सर्व्हिस मोटारीत मी तो दोन्ही हातांनी धरून बसले होते. तिथेच वखारीतली एक बाई भेटली. इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाली, "तुमच्या शाळंतली ती बडबडी पोरगी, देवीनं नेली म्हनं तिला." मी विचारायला हवं होतं, कुणी सांगितलं, कधी, कुणी बघितलं. पण देवीचं नाव निघालं की आपण सगळे हात जोडतो आणि गप्प बसतो. मीही हात जोडले आणि गप्प बसले.

आप्पापुढे बसून एकेक चिंचोका काढत गेले. चाटतही होते. आप्पा मला ओरडला नाही, त्याला माझी दया आली असावी. मग चोचीचा चिंचोका हाताला आला. आप्पानं आपणहून पोपट पुढे केला. बाईंनी दसऱ्यालाच त्याला सांगून ठेवलं होतं. हिरवागार, तांबड्या चोचीचा. मला एकदम कपाटातली शिट्टी दिसली. हा पोपट आता बाई रोज पुसणार. या खेपेला त्या उठणार नाहीत.

"हा नको," मी म्हटलं. "परत ठेव."

चिंचोका मी माझ्या कनवटीला लावला. बाकीचे बटव्यात घालून परत आले. बाईंनी बटवा घेतला आणि न उघडता उशाशी ठेवला. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

नाताळच्या सकाळी ओसरीवर पोरं जमली. बाई काठी टेकत आल्या, खुर्चीवर बसल्या, खेळण्यांची बुट्टी पायाशी. एकेकाला बोलावून हातात देत होत्या. बुट्टी संपत आली होती, इतक्यात फाटकातून यल्लूची आई आली. कडेवर यल्लू. अंग वाळून काटकी झालेलं, तोंडभर वण. आणि ते कोळशासारखे डोळे पांढरे झाले होते. दोन्ही.

आजूबाजूच्या बाया मागे सरकल्या. बाईंनी हात पुढे केले आणि तिला मांडीवर घेतलं. यल्लूनं त्यांचं तोंड चाचपलं, ओळखलं, आणि म्हणाली, "बाई, माझं हिरवं?"

बाईंनी बुट्टीत हात घातला. बुट्टीत दोन भिंगऱ्या उरल्या होत्या, दोन्ही दुसऱ्यांच्या. त्यांनी बटवा सोडला, मांडीवर ओतला आणि एकेक चिंचोका उलटून बघितला. सगळे बघितले. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मी खाली बघितलं. तेवढ्यानं त्यांना सगळं कळलं.

त्यांनी चिंचोके परत बटव्यात भरले, नाडी ओढली आणि तो यल्लूच्या हातात दिला. "हलव बघू."

यल्लूनं हलवला. खुळखुळ वाजला. तिनं पुन्हा हलवला.

"हिरवं न्हाय?"

"हिरवं वाटंत हाय गं बाळ. येतंय मागनं."

मी दुसऱ्या बाजारी धावत चिकोडीला गेले. आप्पा माल संपवून गोकाकला गेला होता. पुन्हा भेटला तोवर यल्लूची आई तिचे डोळे दाखवायला मिरजेला गेली होती, आणि तिथून माहेरी. परत आली नाही. पोपट कुणाच्या हातात द्यायचा, हा प्रश्नच राहिला नाही.

बाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. मी दोनतीनदा सांगायला गेले, त्या दुसराच विषय काढायच्या. नवा बटवा त्यांनी केला नाही. पुढच्या साली नवी पोरं चिंचोके घेऊन आली, कारण मोठ्या भावंडांनी शिकवून पाठवलं होतं. बाईंनी ते चिंचोके पोरांना खेळायला दिले. नाताळ जवळ आला तेव्हा मी विचारलं, "चिकोडीला कधी जायचं?"

"तूच जा," त्या म्हणाल्या. "तुला मोजता येतंय."

एवढंच. आवाज चढवला नाही. हे वाक्य मी सहा वर्षं घेऊन फिरले. दर नाताळला मी बाजारात जायची, मोजून तेवढ्या भिंगऱ्या घ्यायची, सगळ्या एकसारख्या. एकही चाटली नाही. आप्पा मुकाट्यानं बांधून द्यायचा. पोरं खूष व्हायची, पोरांना काय! पण वाटून झालं की बाई खुर्चीतून उठून आत जायच्या, आणि मला वाटायचं, हिचं एकुलतं एक सुख मी माझ्या हातानं संपवलं. तिला वाचवायला गेले आणि तेच हिरावून बसले. चोचीचा चिंचोका माझ्या सुपारीच्या डबीत होता. टाकवला नाही.

लढाई सुरू झाली, रॉकेल मिळेनासं झालं. बाईंचा दमा वाढला आणि त्या कायमच्या खाटेला खिळल्या. त्याच पावसाळ्यात यल्लूची आई निपाणीला परतली, वखारीत लागली. यल्लूही तिच्याबरोबर तंबाखूच्या काड्या निवडायला बसू लागली. काड्या बोटांनाच कळतात, त्याला डोळे कशाला, असं मुकादम म्हणाला म्हणे. एका दुपारी ती आईचा हात धरून बाईंना भेटायला आली. अकरा वर्षांची, उंच झालेली. कमरेला तोच बटवा. चालताना वाजत होता.

बाईंनी तिला जवळ बसवलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला. मग त्या भिंतीकडे बघतच मला म्हणाल्या, "धाकटे, तिचा चिंचोका टाकलास काय ठेवलास?"

सात वर्षांत मी त्यांना तो चिंचोका दाखवला नव्हता. मी सुपारीची डबी चाचपली.

"ठेवलाय."

"ठाऊक हाय मला. दे तिचा तिला. काय सांगायचं ते सांग. म्हन, मोठी बाई चुकली."

मी डबी उघडली. यल्लूच्या तळहातावर चिंचोका ठेवला. बाईंवर मी ते ढकललं नाही. "यल्लू, बाई नाही चुकल्या. मी चुकले. तू देवीत गेलीस असं मला कुणी सांगितलं. मी खरंखोटं विचारलं नाही. तुझा चिंचोका काढून ठेवला, तुझा पोपट परत दिला." बोलता बोलता मी रडत होते, अकरा वर्षांच्या पोरीपुढे.

यल्लूनं अंगठ्यानं चोचीची खूण चाचपली. बटवा सोडला, तो आत टाकला, नाडी ओढली आणि कानाशी धरून हलवला.

"मग पोपट हाय काय अजून त्येच्याकडं?" तिनं विचारलं.

बाई हसल्या. हसता हसता त्यांना ढास लागली, मी पाठ चोळत राहिले. दम परत आल्यावर म्हणाल्या, "हिला घेऊन जा चिकोडीला. आणि धाकटे, चाटून घे."

दसऱ्याच्या आधीच त्या गेल्या. झोपेतच गेल्या. मिशनच्या कबरस्तानात त्यांना पुरलं, तेव्हा मी घरच्यांना न विचारता शेवटपर्यंत तिथे थांबले. घरी आल्यावर मागच्या दारी गेले नाही, तशीच स्वयंपाकघरात जाऊन बसले.

नाताळच्या आधीच्या बाजारी मी यल्लूला घेऊन चिकोडीला गेले. त्या साली मी पोरांना चिंचोके आणायला सांगितलं होतं. घासून घेतले, खुणा माझ्या हातानं कोरल्या, वेड्यावाकड्या. यल्लूनं ते आपल्या बटव्यात घातले आणि जुने मला सांभाळायला दिले. आप्पा म्हातारा झाला होता. आम्हा दोघींना बघून त्यानं विचारलं, "मोठी यव्वा?" मी मान हलवली. तो डोक्याचं मुंडासं नीट करत राहिला.

यल्लू उकिडवी बसली. एकेक चिंचोका काढून माझ्या हातात देई, मी खूण बघून कुणाचा ते सांगे, आप्पा खेळणं पुढे करी. पहिलाच बैल तिनं हातात घेतला, चाचपला आणि शिंग तोंडात घातलं. मी तिला सांगितलं नव्हतं, बाईंनीच सांगितलं असणार. चघळून तिनं जीभ बाहेर काढली आणि माझ्याकडे वळली.

"बघा बाई, रंग लागलाय काय?"

आप्पा ओरडला नाही. तोंड फिरवून पोत्यात काहीतरी शोधत बसला.

बटवा रिकामा होत गेला. शेवटचा चिंचोका तिनं माझ्या हातात दिला नाही. तो जुना होता, सात वर्षं डबीत राहून काळवंडलेला.

"ह्यो माझा," ती म्हणाली.

आप्पानं पोपट दिला. तिनं तो दोन्ही हातांत धरला, पंखांवरून बोटं फिरवली, चोच चाटली.

"हिरवा हाय न्हवं?"

"हिरवाच आहे," मी म्हटलं.

आप्पा कागदात बांधून देऊ लागला, तर तिनं हात मागे घेतला. मोटारीत निपाणी येईपर्यंत पोपट तिच्या मांडीवर उघडाच होता.